जर्बिलाच्या केशरंगाची आनुवंशिकता

पाळीव मंगोलियन जर्बिलाच्या पिलांच्या केसांचा रंग मातापित्यांकडून कोणत्या नियमांनुसार येतो व जन्माला येणाऱ्या वेतातील पिलांच्या रंगांविषयी आगाऊ अंदाज कसा बांधता येतो, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. जर्बिल हे नाव कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांच्या अनेक जातींना मिळून दिले जाते. त्यांपैकी जगभर पाळली जाणारी जाती म्हणजे मेरिओनिस अंग्विक्युलेटस ही होय. ती मूळची मंगोलिया व त्यालगतचा चीनचा भाग येथील कोरड्या गवताळ व अर्धवाळवंटी प्रदेशांतील आहे. पश्चिम राजस्थान व गुजरात येथील वाळवंटात आढळणारा भारतीय जर्बिल (मेरिओनिस हरियानी) याच प्रजातीतील आहे. परंतु पाळीव रंगप्रकार मंगोलियन जातीतच निर्माण झाले आहेत.

प्रौढ जर्बिलाचे वजन सु. ५५ ते १०० ग्रॅ. असते. गर्भावधी सु. २४ ते २६ दिवसांचा असून एका वेतात साधारणपणे ४ ते ६ पिले होतात. पिले जन्मतः केशहीन असून त्यांचे डोळे मिटलेले असतात. मादी साधारणतः ३ महिन्यांच्या आत प्रजननक्षम होते. लहान आकार, अल्प गर्भावधी व सहज ओळखता येणारे रंग यांमुळे आनुवंशिकीचे मूलभूत नियम पडताळून पाहण्यास हा प्राणी सोयीचा आहे.

पाळीव वंशाचा इतिहास : फ्रेंच धर्मप्रचारक व निसर्गशास्त्रज्ञ आर्मां डेव्हिड यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून आल्फाँस मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८६७ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या २० जोड्या जपानमध्ये नेण्यात आल्या व तेथील प्रयोगशाळांत त्यांची पैदास झाली. या वंशातील ११ जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील टंबलब्रुक फार्म येथे व्हिक्टर श्वेंट्‌कर यांच्याकडे पाठविण्यात आल्या. त्यांपैकी केवळ ५ माद्या व ४ नर यांच्यापासून तेथील प्रजा वाढली. १९६४ मध्ये तिच्यातील काही प्राणी इंग्लंडमध्ये गेले. पाश्चात्त्य देशांत पाळल्या जाणाऱ्या जर्बिलांचा फार मोठा भाग या अत्यल्प पूर्वजांपासून उतरला आहे. रंगांचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण अशा वंशात कोणतेही दोन प्राणी दूरचे का होईना, पण नातेवाईक असण्याचा संभव मोठा असतो.

केसांतील रंगद्रव्ये : सस्तन प्राण्यांच्या केसांचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याच्या दोन प्रकारांमुळे येतो. यूमेलॅनिन काळे वा तपकिरी, तर फिओमेलॅनिन पिवळे वा तांबूस असते. रानटी जर्बिलाच्या पाठीवरील प्रत्येक केस बुडाशी करडा, मध्ये पिवळा व टोकाशी काळा असतो. अशा पट्टेदार केसांच्या रचनेला दक्षिण अमेरिकेतील एका कृंतकाच्या नावावरून ‘अगूटी’ म्हणतात. तिच्यामुळे दुरून पाहता प्राणी वाळूसारखा सोनेरी-तपकिरी दिसतो. त्याचे पोट पांढरे असते. केस वाढत असताना एक प्रथिन काही काळ काळ्या रंगद्रव्याची निर्मिती थांबविते व त्या अवधीत पिवळा पट्टा तयार होतो. हे प्रथिन निर्माण करणाऱ्या जीनमध्ये (जनुकामध्ये) दोष आल्यास पट्टा पडतच नाही व केस आरपार काळा होतो.

जीन व त्यांची रूपे : जर्बिलाच्या शरीरकोशिकेत ४४ गुणसूत्रे, म्हणजे २२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून येते. त्यामुळे केशरंगाच्या प्रत्येक जीनच्या दोन प्रती प्राण्यात असतात. जनन कोशिका तयार होताना या दोहोंपैकी एकच प्रत तीत जाते व कोणती जाईल हे केवळ यदृच्छेवर अवलंबून असते. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांवरून मांडलेल्या नियमांचे हेच सार आहे. हे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे ल्यूस्यँ क्वेनो यांनी १९०२ मध्ये उंदरांच्या केशरंगावरून दाखविले. [→ आनुवंशिकी].

प्रस्तुत नोंदीत प्रभावी रूपासाठी दीर्घ व अप्रभावी रूपासाठी ऱ्हस्व स्वराचे चिन्ह वापरले आहे. उदा., अगूटी जीनचे पट्टा निर्माण करणारे रूप ‘आ’ व काळा रंग देणारे रूप ‘अ’. आ-आ व आ-अ हे दोन्ही प्राणी सोनेरी दिसतात. अ-अ मात्र काळा असतो. दोन्ही प्रती सारख्या असल्यास प्राणी समयुग्मी, भिन्न असल्यास विषमयुग्मी म्हटला जातो. प्राण्याचे बाह्य रूप म्हणजे त्याची सरूपविधा आणि त्याच्यातील जीनांचा संच म्हणजे जीनविधा. पिलांचा रंग मातापित्यांच्या सरूपविधेवरून नव्हे, तर जीनविधेवरून ठरतो. रंगांचे भाकीत करताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंत गल्लत केल्याने होतात.

प्रमुख जीन : जर्बिलातील काळ्या रंगाच्या उत्परिवर्तनाचे विश्लेषण १९८० मध्ये, तर पांढऱ्या ठिपक्यांचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर इतर जीनांची ओळख पटत गेली. त्यांतील महत्त्वाचे जीन पुढीलप्रमाणे आहेत :

(१) अगूटी जीन (आ, अ) : पट्टेदार केस अथवा पूर्ण काळे केस. (२) गुलाबी डोळ्यांचा जीन (पी, पि) : पि-पि प्राण्यात काळे रंगद्रव्य फार घटते व डोळे लालसर दिसतात, पिवळ्या रंगद्रव्यावर परिणाम थोडा होतो. (३) करडा जीन (जी, जि) : जि-जि प्राण्यात पिवळा रंग जवळजवळ नाहीसा होतो व काळा काहीसा फिका पडतो. (४) विस्तार जीन (ई, इ) : इ-इ प्राण्यात काळ्याऐवजी पिवळ्या रंगद्रव्याचा विस्तार होतो. (५) वर्णहीनता जीन (सी, सि) : सि-सि प्राण्यात रंगद्रव्य बनविणारे एंझाइम शरीराच्या उबदार भागांत निष्क्रिय राहते, त्यामुळे अंग पांढरे, डोळे लाल व थंड राहणारी शेपटी मात्र वयाबरोबर गडद होत जाते. याच जीनचे आणखी एक रूप २००१ मध्ये वर्णिले गेले. त्याने अंग तपकिरी व नाक, कान, पाय आणि शेपटी अधिक गडद होतात. (६) ठिपका जीन (ठी, ठि) : येथे ठिपके देणारे रूप ‘ठी’ हे प्रभावी आहे.

या जीनांच्या संयोगांतून दिसणारे काही रंग असे : अ-अ पि-पि निळसर फिकट करडा (लायलॅक), आ-आ वा आ-अ सह पि-पि तांबूस सोनेरी, पोट पांढरे व डोळे लाल (आर्जेंट), अ-अ जि-जि पाटीसारखा करडा (स्लेट), आ-आ वा आ-अ सह इ-इ मधासारखा पिवळा, डोळे काळे, अ-अ इ-इ जायफळासारखा (नटमेग), अ-अ जि-जि पि-पि जवळजवळ पांढरा, डोळे माणकासारखे. जायफळी पिलू लहानपणी नारिंगी-पिवळे असते व केस झडून नवे आल्यावर त्यावर काळसर छटा चढते. म्हणून अशा पिलांची नोंद पहिली केसगळ होईपर्यंत अंतिम मानू नये.

एका जीनचे भाकीत : रेजिनल्ड पनेट यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट यासाठी वापरतात. चौकटीच्या वरच्या बाजूस पित्याच्या व डाव्या बाजूस मातेच्या जनन कोशिकांचे प्रकार मांडून प्रत्येक घरात त्यांचा संयोग लिहितात. शुद्ध सोनेरी (आ-आ) व काळा (अ-अ) यांच्या संकरात सर्व पिले आ-अ, म्हणजे दिसावयास सोनेरी, परंतु काळ्या रंगाची वाहक होतात. अशा दोन वाहकांच्या संकरात चौकटीची चार घरे आ-आ, आ-अ, आ-अ व अ-अ अशी भरतात. म्हणजे सोनेरी व काळ्या पिलांचे प्रमाण ३ : १ होते. वाहक (आ-अ) व काळा (अ-अ) यांच्या संकरात ते १ : १ होते. दोन काळ्या जर्बिलांपासून सोनेरी पिलू होत नाही. तसे दिसल्यास बाप दुसराच आहे किंवा नोंदीत चूक झाली आहे, असे समजावे.

अनेक जीनांचे भाकीत : जीन निरनिराळ्या गुणसूत्रांवर असल्यास त्यांचे वाटप परस्परांपासून स्वतंत्रपणे होते. आ-अ पी-पि अशा दोन सोनेरी प्राण्यांच्या संकरात सोनेरी ९, आर्जेंट ३, काळी ३ व लायलॅक १ असे प्रमाण येते. यासाठी १६ घरांची चौकट लागते. तीन जीनांसाठी ६४ घरांची. त्यापेक्षा प्रत्येक जीनची संभाव्यता वेगळी काढून त्यांचा गुणाकार करणे सोपे असते. वरील संकरात पिलू अ-अ असण्याची संभाव्यता १/४ व पि-पि असण्याचीही १/४, म्हणून लायलॅक पिलाची १/१६.

रूप व जीनविधा यांतील भेद पांढऱ्या जर्बिलांत विशेष स्पष्ट होतो. लाल डोळ्यांचा एक पांढरा प्राणी आ-आ सि-सि जी-जी पी-पी आहे व दुसरा अ-अ सी-सी जि-जि पि-पि आहे, असे समजा. दोघेही पांढरे, तथापि त्यांची सर्व पिले आ-अ सी-सि जी-जि पी-पि, म्हणजे पूर्वजांप्रमाणे सोनेरी होतील. पांढरेपणाची कारणे भिन्न असल्यामुळे प्रत्येकाने दुसऱ्याची उणीव भरून काढलेली असते. उलट दोघेही सि-सि असते, तर एकही रंगीत पिलू झाले नसते. शिवाय सि-सि प्राण्याच्या पांढऱ्या अंगावरून तो मुळात अगूटी आहे की काळा, हे कळत नाही. एक जीन दुसऱ्याचा परिणाम झाकून टाकतो.

सहलग्नता : दोन जीन एकाच गुणसूत्रावर असल्यास ते सहसा एकत्रच पुढील पिढीत जातात व ९ : ३ : ३ : १ हे प्रमाण लागू पडत नाही. जर्बिलात सी व पी हे जीन असे सहलग्न आहेत, हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायपर व रॉबिन्सन यांच्या अभ्यासात दाखविले गेले. याच दोन जीनांची सहलग्नता उंदरात १९१५ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन, ए. डी. स्प्रंट व नेओमी हॉल्डेन यांनी सिद्ध केली होती. (हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.) भिन्न कृंतकांत गुणसूत्रांचे काही भाग पूर्वजांपासून तसेच टिकून राहिले आहेत, याचे हे निदर्शक आहे.

याचा व्यवहारातील परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. सि-सि पी-पी पांढरा व सी-सी पि-पि आर्जेंट यांची पिले सी-सि पी-पि, म्हणजे सोनेरी होतात. या पिलांच्या बहुतेक जनन कोशिकांत एक तर ‘सि व पी’ किंवा ‘सी व पि’ ही आजी-आजोबांकडून आलेलीच जोडी असते. त्यांचा आपसांत संकर केल्यास मुख्यतः पांढरी १, सोनेरी २ व आर्जेंट १ असे प्रमाण मिळते. सी-सि पि-पि पिलू मलईसारखे फिके, म्हणून सहज ओळखू येणारे असते. जीन स्वतंत्र असते, तर अशी पिले १६ पैकी २ आली असती. सहलग्नतेमुळे ती फार कमी येतात. मलईरंगी पिले हवी असणाऱ्याने हा संकर निवडू नये. सी-सि पि-पि प्राणी व सी-सी पि-पि आर्जेंट यांच्या संकरात ती निम्म्या प्रमाणात मिळतात.

ठिपक्यांचा घातक जीन : ठी-ठि प्राण्याच्या कपाळावर, मानेवर वा नाकावर पांढरे ठिपके असतात. ठिपकेदार व साधा (ठि-ठि) यांच्या संकरात निम्मी पिले ठिपकेदार होतात. दोन ठिपकेदारांच्या संकरात नेहमीच्या हिशेबाने ती ३/४ व्हावयास हवीत. प्रत्यक्षात ठिपकेदार व साधी यांचे प्रमाण २ : १ आढळते. कारण ठी-ठी हा संच घातक असून असे जीव जन्मापूर्वीच मरतात. जन्मलेल्या तीन पिलांमागे एक भ्रूण नष्ट झालेला असतो व वेत सरासरीने एक-चतुर्थांशाने लहान होते. उंदरातील पिवळ्या रंगाच्या जीनबाबत असेच २ : १ प्रमाण क्वेनो यांना आढळले होते व त्याचा उलगडा कॅसल व लिटल यांनी १९१० मध्ये केला.

या हानीची गरज मात्र मुळीच नसते. कोणताही जिवंत ठिपकेदार प्राणी ठी-ठि हाच असल्याने ‘शुद्ध ठिपकेदार’ वंश तयार करणे अशक्य आहे. दोन ठिपकेदारांच्या संकरात प्रत्येक चार गर्भांमागे दोन ठिपकेदार पिले मिळतात. ठिपकेदार व साधा यांच्या संकरातही तितकीच, म्हणजे दोनच मिळतात. पहिल्या संकरात चौथा गर्भ मरतो, दुसऱ्यात तो साधे पिलू म्हणून जगतो. म्हणून ठिपकेदारांची जोडी नेहमी साध्या रंगाच्या प्राण्याशी लावावी.

संभाव्यता व लहान वेत : ३ : १ यासारखी प्रमाणे पुष्कळ पिलांच्या सरासरीची असतात, ती एका वेताचे वचन नव्हेत. दोन वाहकांच्या पाच पिलांच्या वेतात एकही काळे पिलू नसण्याची संभाव्यता (३/४)⁵, म्हणजे सु. २४ टक्के असते. वर दिलेल्या दोन जीनांच्या संकरात पाच पिलांत निदान एक लायलॅक असण्याची संभाव्यता सु. २८ टक्केच आहे. आधीच्या वेतात काळे पिलू झाले नाही म्हणून पुढच्या वेतात ते होण्याचा संभव वाढतो, ही समजूतही चुकीची आहे. प्रत्येक पिलाचा हिशेब नव्याने सुरू होतो.

सोनेरी प्राणी काळ्या रंगाचा वाहक आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी त्याचा काळ्याशी संकर करतात. यास परीक्षा संकर म्हणतात. एक जरी काळे पिलू झाले, तरी प्राणी वाहक ठरतो. काळे पिलू न झाल्यास निष्कर्ष इतका निश्चित नसतो. समजा, दोन वाहकांपासून झालेले ९६ सोनेरी प्राणी आहेत. त्यांपैकी ६४ वाहक व ३२ शुद्ध असतील. प्रत्येकाचा परीक्षा संकर करून पाच पिलांचे एकेक वेत घेतल्यास सर्व ३२ शुद्ध प्राण्यांची पिले सोनेरीच होतील. परंतु ६४ वाहकांपैकीही सरासरी दोघांची पाचही पिले योगायोगाने सोनेरी होतील. म्हणजे या कसोटीतून पार पडलेल्या ३४ प्राण्यांत दोन, किंवा १७ मध्ये एक, वाहकच असेल. पिलांची संख्या वाढेल तसा संशय कमी होतो, पण शून्य होत नाही.

नोंदी व दक्षता : ज्याची माता किंवा पिता काळा आहे असा सोनेरी प्राणी वाहक असलाच पाहिजे, त्यासाठी परीक्षा संकराची आवश्यकता नाही. म्हणून मातापिते, भावंडे व आधीची वेते यांची नोंद ही भाकिताची सर्वांत स्वस्त व विश्वसनीय सामग्री होय. नोंदीत पिलांची एकूण संख्या, डोळ्यांचा रंग, केसगळीपूर्वीचा व नंतरचा रंग आणि मृत पिले यांचा समावेश असावा. प्रसूतीनंतर लगेचच मादी पुन्हा नराशी समागम करते. पहिली पिले पीत असल्यास गर्भ रुजण्यास विलंब होऊन पुढील प्रसूती लांबते. त्यामुळे प्रसूतीनंतर नर वेगळा केला, तरी पुढचे वेत त्याचेच असू शकते. याकडे दुर्लक्ष झाल्यास पितृत्वाची नोंद चुकते व पुढील सर्व हिशेब निरर्थक ठरतो.

अप्रभावी रंग लवकर मिळविण्यासाठी भावंडांचा किंवा पिता व कन्या यांचा संकर करण्याचा मोह होतो. अशा संकराने इच्छित जीनच्या दोन प्रती एकत्र येतात, त्याचप्रमाणे अनिष्ट जीनांच्याही येतात. मोजक्याच पूर्वजांपासून उतरलेल्या या प्राण्यात अपस्मारासारखे झटके येण्याची प्रवृत्ती आधीच आढळते व ती आनुवंशिक आहे. रंगासाठी निवड करताना असे झटके येणारे प्राणी पैदाशीतून वगळणे इष्ट असते. तसेच एखादा विरळ रंग मिळविण्यासाठी अनेक वेते घ्यावी लागतात. १/१६ संभाव्यतेच्या एका पिलामागे सरासरीने १५ अन्य रंगांची पिले जन्मतात व त्यांच्याही निवाऱ्याची सोय करावी लागते. केशरंगाचे गणित पिलांचे रंग सांगते, त्याचप्रमाणे कोणती जोडी लावू नये, हेही सांगते. पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.